वीस मिनिटं हात न लागलेल्या खिडक्या

६ मार्च

आज कार्यालयातला संगणक चौथ्यांदा गोठला. पाणीपुरवठ्याच्या तक्रारींच्या टेबलावर बसून मला अकरा वर्षं झाली, पण हल्ली नळांपेक्षा संगणकच जास्त तुंबतो. नवीन व्यवस्था आल्यापासून प्रत्येक तक्रार ब्राउझरच्या वेगळ्या खिडकीत उघडते. फोन आला की एक खिडकी, जुन्या तक्रारी बघायच्या तर दुसरी, नकाशा तिसरीत. दुपारी मोजल्या तर त्रेपन्न निघाल्या. एका गृहस्थांच्या नळाला पाणी येत नाही, पण हवा इतक्या जोरात येते म्हणे की केस वाळवता येतील. त्यांना लिहीत असलेलं उत्तर त्या त्रेपन्नांपैकी कुठल्या खिडकीत राहिलं, ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

वायरवाल्यांकडे गेले. आमच्याकडे संगणकाचं सगळं तेच बघतात. गळ्यात कायम एखादी वायर असते, म्हणून वायरवाले. ते म्हणाले, "बाई, काम झालं की खिडकी बंद करायची." वा! हे मला सुचलंच नव्हतं.

घरी येऊन मास्तरांपुढे गाऱ्हाणं मांडलं. मास्तर म्हणजे माझा नवरा. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि आता एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचतात. जग त्यांना मास्तर म्हणतं, म्हणून मीही. ते म्हणाले, "मग तूच कर की काहीतरी. लग्नाआधी तो सहा महिन्यांचा संगणकाचा वर्ग केला होतास ना? आपोआप बंद होतील असं लिही." मी हसले, पण विचार डोक्यात बसला.

जेवताना मास्तरांनी विचारलं, "मग आज कार्यालयात काय विशेष?" मी म्हटलं, "अहो, आत्ता तासभर तेच तर सांगत होते!" म्हणाले, "हो, हो. खरंच की." बायकोचं बोलणं कानाआड करायची कला सगळ्या नवऱ्यांना जन्मजात येते.

९ मार्च

जेवणाच्या सुट्टीत वाचून काढलं. ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम असतो, त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. ते आपल्यालाही लिहिता येतं. एक ओळ सापडली, खिडकी बंद करायची. लिहिली. काहीच झालं नाही. लाल अक्षरांत सूचना आली, तिचा अर्थ साधारण असा की जी खिडकी तू उघडली नाहीस ती बंद करायचा तुला अधिकार नाही.

अहो, पण मीच उघडली होती! माझ्याच बोटाने!

तीन वेळा वाचल्यावर उजेड पडला. मी म्हणजे मी नाही. मी म्हणजे मी लिहिलेली ओळ. ओळीने उघडलेली खिडकीच ओळीला बंद करता येते. हे ज्याने ठरवलं तो माणूस घरी कसा वागत असेल?

१० मार्च

आज वेगळा मार्ग सापडला. पानातून हुकूम द्यायचा नाही, एक्स्टेन्शनच्या पोटातून द्यायचा. तिथे परवानगी असते. प्रत्येक खिडकीला एक क्रमांक असतो. सगळ्या खिडक्या मागवायच्या, क्रमांक घ्यायचा आणि काढून टाक म्हणायचं. म्हटलं. त्याने काढून टाकल्या. सगळ्या. शेवटची गेली तसा ब्राउझरच बंद पडला आणि त्याच्यासोबत माझं एक्स्टेन्शनही. फांदीवर बसून फांदी तोडली.

समोरच्या टेबलावरची, जिला आम्ही सगळे चष्मेवाली म्हणतो, डोकावून म्हणाली, "अगंबाई, किती स्वच्छ झालं!" तिला वाटलं हेच हवं होतं.

१४ मार्च, शनिवार

आज मास्तरांना बसवून सगळं समजावलं. मोठ्याने बोललं की माझं मला कळतं.

एक गोष्ट मला चार दिवस छळत होती. कुठल्या खिडकीला शेवटचा हात कधी लागला, ते मी एका ठिकाणी साठवत होते. वीस मिनिटं झाली की बंद करायचं. पण वीस मिनिटांनी बघावं तर साठवलेलं सगळं गायब. शेवटी कळलं की एक्स्टेन्शनचा तो भाग काम नसलं की अर्ध्या मिनिटात झोपी जातो. कुणी हाक मारली की उठतो, पण उठतो तो कोरा. आधीचं काहीच त्याला आठवत नाही.

मास्तर लक्ष देऊन ऐकत होते, वर्गात पहिल्या बाकावर बसल्यासारखे. "काहीच आठवत नाही? मग तो काम कसं करतो?"

"झोपायच्या आधी सगळं लिहून ठेवायचं. उठल्याबरोबर पहिलं काम, लिहिलेलं वाचायचं. मग चालतं."

"आणि समोरच्याला कळत नाही, की तो विसरला होता?"

"नीट लिहून ठेवलं असेल तर नाही कळत."

"हं," म्हणाले. बराच वेळ माझ्या पडद्याकडे बघत बसले. एवढा रस त्यांनी माझ्या कामात आजवर कधी घेतला नव्हता. बरं वाटलं.

१६ मार्च

मास्तरांनी काल एक छोटी वही आणली. शर्टाच्या खिशात मावेल एवढी. कशाला विचारलं तर म्हणाले, "कोड्यासाठी शब्द सुचतात, टिपून ठेवतो." इतकी वर्षं शब्द डोक्यात ठेवणारा माणूस! मी म्हटलं, "म्हातारे झालात." ते हसले नाहीत. मग थोड्या वेळाने हसले.

१९ मार्च

गंमत झाली. सकाळी मी बसमधून जाताना खिडकीतून बघते तर मास्तर शाळेच्या बसथांब्यावर उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली! मी हात हलवला, त्यांनी पाहिलं नाही. संध्याकाळी चिडवलं, "शाळेची आठवण येते वाटतं?" म्हणाले, "हो, जरा पाय मोकळे करत होतो." मग पिशवी कशाला होती ते विचारायचं राहून गेलं.

२४ मार्च

उणे एक! आज दिवसभर उणे एक!

हात दुसऱ्या खिडकीला लागला की एक्स्टेन्शनला तिचा क्रमांक कळतो. पण मधूनमधून क्रमांक येतो उणे एक. अशी खिडकी असेल कुठे? मी टेबलाखालीसुद्धा बघितलं असतं. त्या उणे एकला बंद करायला जावं तर एक्स्टेन्शन ओरडतं, अशी खिडकीच नाही म्हणून. मी पण ओरडले. साहेबांनी केबिनमधून मान बाहेर काढली.

घरी मास्तरांना विचारलं, "उणे एक खिडकी म्हणजे काय असेल हो?" त्यांनी लगेच सांगितलं, "कुठल्याच खिडकीत नाही, असा अर्थ असेल. माणूस आहे, पण लक्ष कुठेच नाही."

अगदी बरोबर निघालं. गणिताचं डोकं अजून तल्लख आहे. मी तसं म्हटलं, तर त्यांनी खुळ्यासारखं परत विचारलं, "खरंच वाटतं तुला?"

२८ मार्च

चालतंय! तीन दिवस झाले, एकदाही गोठलं नाही. वीस मिनिटं हात न लागलेली खिडकी आपली आपण बंद. बंद करताना त्या खिडकीचं नाव आणि वेळ एका यादीत लिहून ठेवते, म्हणजे चुकून गेली तर परत काढता येते. चष्मेवालीला हवं आहे, अजून तिघींना हवं आहे. प्रत्येकीच्या संगणकावर हाताने चढवत बसण्यापेक्षा ब्राउझरच्या दुकानात ठेवावं, असं वायरवाले म्हणाले. दुकान म्हणजे जिथून सगळे एक्स्टेन्शन उतरवून घेतात ते. "दुवा देऊ त्यालाच दिसेल असं ठेवता येतं, बाई. आणि मला आधी का नाही सांगितलंत?"

माणूस म्हणून वायरवाले वाईट नाहीत.

२ एप्रिल

दुकानवाल्यांची मंजुरी आली. माझ्या कार्यालयातल्या संगणकावरचं हाताने चढवलेलं काढून टाकलं आणि दुकानातून नव्याने घेतलं, सगळ्यांसारखं. माझ्या नावाखाली, माझ्या खात्यावर! साहेब म्हणाले, "छान." साहेबांचा "छान" वर्षातून दोनदा मिळतो. घरी जाताना मास्तरांसाठी केक नेला. त्यांनी विचारलं, "कुणाचा वाढदिवस?"

५ एप्रिल, रविवार

मास्तरांचा आज जीव वरखाली. घरचा संगणक जुना, मीच त्यांना लावून दिलेला. माझ्याच खात्यावर चालतो, वेगळं खातं काढायचा कंटाळा केला होता. ते एका खिडकीत कोड्याचे चौकोन ठेवतात, दुसरीत शब्दकोश, तिसरीत जुनी कोडी. शब्दकोशात एक शब्द शोधत बसले होते आणि परत आले तर चौकोनच नाहीत.

"तुम्हीच बंद केली असेल चुकून," मी म्हटलं.

"मीच केली असेल." अगदी हळू म्हणाले.

मला वाद घालणारे मास्तर माहीत आहेत. चूक कबूल करणारे फार ओळखीचे नाहीत.

९ एप्रिल

साप्ताहिकाच्या संपादकबाईंचा फोन आला. मास्तर बाहेर होते, मी उचलला. म्हणाल्या, "सर ठीक आहेत ना? या वेळच्या कोड्यातली सहा शोधसूत्रं मागच्याच आठवड्यातली आहेत. शब्दसुद्धा तेच." मी म्हटलं, संगणक त्रास देतोय, खिडक्या आपोआप बंद होतात, त्यात गोंधळ झाला असेल. त्यांना पटलं. मलाही पटलं.

मास्तरांना सांगितलं. त्यांनी खिशातली वही काढून काहीतरी लिहिलं, आणि मी बघतेय हे लक्षात आल्यावर मिटली.

१३ एप्रिल

काय चाललंय मला कळत नाही. लिहूनच बघते, म्हणजे कळेल.

एक, मास्तर आठवड्यात दोनदा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर गेले. कुठे, तर "फिरायला". चपला सोडून बूट.

दोन, मी जवळ गेले की फोन बंद करतात. एकदा कानावर पडलं, "नाही, तिला अजून काही सांगितलेलं नाही."

तीन, न्हाणीघरात पाण्याच्या आवाजात काहीतरी पुटपुटतात. आज दाराशी उभी राहून ऐकलं. "त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट." मग थोडं थांबून पुन्हा पहिल्यापासून. कुणाचा फोन क्रमांक पाठ करतायत?

चष्मेवालीला नुसतं विचारलं, साठीला आलेले पुरुष इस्त्रीचा शर्ट कधी घालतात? ती चष्मा काढून पुसायला लागली. "तुझं तू ओळख," म्हणाली.

मला हसू आलं आणि मग आलं नाही.

१७ एप्रिल

ताईंचा फोन. ताई म्हणजे माझी नणंद, मास्तरांहून सहा वर्षांनी मोठ्या. इकडचं तिकडचं बोलून म्हणाल्या, "बाबांचं सुरू झालं तेव्हा ते किती वर्षांचे होते गं? एकसष्ट ना?"

माझे सासरे शेवटची आठ वर्षं कुणालाच ओळखत नव्हते. मला ते "मावशी" म्हणायचे. मी म्हटलं, "एकसष्ट नाही, साठ. पण आज हे मधेच काय?" म्हणाल्या, "सहज." आणि मग, "त्याला सांभाळ हं." ताई मला कधी असं काही सांगत नाहीत. बहुतेक त्यांचीच तब्येत बरी नसावी. पुढच्या आठवड्यात भेटून यायला हवं.

मास्तरांची रोज एखादी खिडकी तरी जातेच. ते आता तक्रार करत नाहीत. संगणकासमोर बसतात ते हात मांडीवर ठेवून, परक्या घरी गेल्यासारखे.

२० एप्रिल

देवा! मी! मीच!

नीट लिहिते. कार्यालयातून लवकर आले. मास्तर घरी नव्हते. एक पत्र छापायचं होतं म्हणून त्यांच्या संगणकावर बसले. ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात सहज लक्ष गेलं, तर तिथे माझंच चिन्ह. माझं एक्स्टेन्शन. मी ते या संगणकावर कधी चढवलंच नव्हतं! वायरवाल्यांना फोन लावला. ते हसायला लागले. "बाई, दुकानातून घेतलं की एका खात्यावरच्या सगळ्या संगणकांवर ते आपोआप जातं. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं ठाऊक. म्हणजे २ एप्रिलपासून मी रोज कार्यालयात बसून घरी माझ्या नवऱ्याच्या खिडक्या बंद करत होते.

मास्तर आले. मी दारातच सांगून टाकलं, आधी रडत आणि मग हसत. त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मी चिन्ह दाखवलं, यादी दाखवली, शब्दकोश बंद, चौकोन बंद, वेळ अमुक. ते खुर्चीत बसले. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "म्हणजे मी नाही?"

"तुम्ही नाही! मी!"

"सगळं ह्यानेच केलं?"

"सगळं!"

मग ते रडले. लग्नाच्या एकतीस वर्षांत मी त्यांना दोनदा रडताना पाहिलंय, हे तिसऱ्यांदा. आणि मग सगळं बाहेर आलं. इस्त्रीचा शर्ट मेंदूच्या डॉक्टरीणबाईंसाठी होता. पहिल्या भेटीत त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले होते आणि गणिताच्या मास्तरांना तिसऱ्या पायरीला अडखळायला झालं. तो अपमान त्यांना सोसला नाही, म्हणून न्हाणीघरात सराव. फोन ताईंना व्हायचे. मोठी तपासणी २७ तारखेला आहे.

"आता कशाला जायचं?" ते म्हणाले. मीही म्हटलं, कशाला जायचं!

मी काय काय विचार केले होते ते त्यांना सांगितलं नाही. नुसती घट्ट मिठी मारली.

२१ एप्रिल

त्यांचं वेगळं खातं काढून दिलं. एक्स्टेन्शन काढून टाकलं. काढायच्या आधी यादी उतरवून घेतली. मास्तरांनी स्वतःहून वही दिली, म्हणाले, "बघ, तुझे सगळे गुन्हे तारीखवार लिहिलेत." प्रत्येक गुन्ह्याचं प्रायश्चित्त म्हणून एक चहा, असं ठरलं. म्हणून मी दोन्ही घेऊन जुळवायला बसले.

वहीत सेहेचाळीस नोंदी आहेत. माझ्या यादीत एकोणीस.

आधी वाटलं मोजण्यात चूक झाली. पुन्हा मोजल्या. एकोणीस नोंदी बरोबर जुळतात, वेळसुद्धा. उरलेल्या सत्तावीस कुठल्या? यादी लिहिताना मध्येच काही गळतं का ते बघितलं. गळत नाही. कार्यालयातल्या संगणकावरची यादी बघता यावी म्हणून अजून तिथेच असलेल्या चष्मेवालीला फोन केला, तिने वाचून दाखवली. तिथेही गळत नाही.

मग तारखा बघितल्या. वहीतली पहिली नोंद १५ मार्चची. चौदा नोंदी २ एप्रिलच्या आधीच्या.

थोड्या इथे उतरवते. का ते मला माहीत नाही.

"१५ मार्च. शेजारच्या काकांचं नाव. दुपारी आठवलं."

"१९ मार्च. शाळेच्या थांब्यावर उभा. बस आल्यावर कळलं."

"२३ मार्च. शब्दकोशाची खिडकी शोधत होतो. उघडलीच नव्हती."

"३० मार्च. गॅस. हिला कळलं नाही. बरं झालं."

बाहेरून मास्तरांची हाक आली, "किती चहा झाले?"

मी म्हटलं, "मोजतेय."

२२ एप्रिल

कार्यालयात गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. मास्तर खुशीत आहेत. शीळ घालतात. सकाळी त्यांनी माझ्यासमोर दवाखान्यात फोन केला, "२७ची वेळ रद्द करा, गरज उरली नाही." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बोलायला हवं होतं. ताईंनाही त्यांनी कळवलं. ताई फोनवर इतक्या मोठ्याने रडल्या की मला इथवर ऐकू आलं.

ती आनंदाची बातमी सगळ्यांना माझ्यामुळे मिळाली.

कदाचित हे साधंच असेल. मलाही शेजाऱ्यांची नावं आठवत नाहीत. वहीत लिहायला लागलं की प्रत्येक बारीक गोष्ट मोठी दिसते. माझी लिहिली तर शंभर भरतील. गॅस मीसुद्धा एकदा चालू ठेवला होता. कधी? आठवत नाही. बघा!

असं काहीतरी दिवसभर चाललंय. एकदा वाटतं सांगावं, एकदा वाटतं दोन महिने थांबून बघावं. माझ्या चुकीमुळे ते इतके दिवस तळमळले. आता त्याच चुकीचा आडोसा त्यांना मिळालाय, तर तो मीच कसा काढून घेऊ?

२४ एप्रिल

सांगितलं.

दुपारी ते कोडं रचत होते. मी वही आणि यादी दोन्ही त्यांच्यापुढे ठेवली. पाठ केलेलं सगळं विसरले आणि नुसतं म्हटलं, "मास्तर, हे जुळत नाही."

त्यांनी वर बघितलं. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"वही तुला दिली त्याच संध्याकाळी. अगं, सेहेचाळीस मी लिहिलेत. तारखा मलाही वाचता येतात."

"मग फोन करून वेळ का रद्द केलीत? ताईंना का सांगितलंत?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तू दारात उभी राहून इतकी हसत होतीस. मला वाटलं, चार दिवस आपणही तसंच मानून बघू. बरे गेले गं चार दिवस. तुला काय वाटलं, तू एकटीच लपवत होतीस?"

मी रागावले. खरंच रागावले, खूप बोलले. गॅसवरून बोलले, थांब्यावरून बोलले, मला न सांगता डॉक्टरकडे गेल्यावरून तर फारच बोलले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "एवढं सगळं मी संध्याकाळपर्यंत विसरलो तर पुन्हा बोलशील?"

मला हसावं की काय करावं कळेना. मी आत जाऊन दवाखान्याचा क्रमांक फिरवला. २७ची वेळ दुसऱ्या कुणाला गेली होती. २९ मिळाली.

ताईंना फोन मी केला. तो इथे लिहीत नाही.

२९ एप्रिल

दवाखाना चौथ्या मजल्यावर. हिरव्या खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र. यंत्र गळत होतं. सवयीने मी तक्रार कुठे करायची ते शोधायला लागले. मास्तरांनी माझा हात धरून बसवलं.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, आवाज मऊ. त्यांनी शंभरातून सात वजा करायला सांगितले. मास्तर एका दमात दोनपर्यंत उतरले. बाई म्हणाल्या, "सर, घरी सराव केला होता का?"

"परीक्षेला सराव न करता कोण येतं?"

"मग आता शंभरातून आठ वजा करा."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. ब्याण्णव म्हणाले, चौऱ्याऐंशी म्हणाले, मग थांबले. मला उत्तर येत होतं. तोंडाशी आलं होतं. बाईंनी माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं, गप्प राहा म्हणून. शहात्तर म्हणायला त्यांना किती वेळ लागला ते मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं नाही.

पाच शब्द सांगितले होते, थोड्या वेळाने विचारले. तीन आठवले. घड्याळाचं चित्र चांगलं काढलं, कंपासपेटी नसताना काढावं लागलं म्हणून माफी मागितली.

मग बाईंनी मला विचारलं, "हे साधारण कधी सुरू झालं?"

मी म्हटलं, "पंधरा मार्च." अगदी खात्रीने.

त्यांनी लिहून घेतलं. मेंदूचा फोटो काढायचाय, रक्त तपासायचंय. आज याला नाव देता येणार नाही, म्हणाल्या. वयाने होतं तसंही असू शकेल, वडिलांसारखं सुरू होत असेल तसंही असू शकेल. काळजीनेसुद्धा माणूस विसरतो, आणि तुमच्या घरी गेल्या महिन्यात काळजी बरीच होती. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. कोडी चालू ठेवा. एकट्याने गॅस पेटवू नका.

"म्हणजे आहे की नाही?" मी विचारलं.

"आज सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. हे उत्तर मी स्वतः लोकांना रोज देते. समोरच्याला ते कसं लागतं, ते आज कळलं.

खाली उतरलो. उन्हात रस्ता ओलांडला, समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलो, कारण माझे पाय दुखत होते. मास्तरांनी एक बाटली पाणी आणलं, झाकण उघडून माझ्या हातात दिलं. दोघंही येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत होतो.

मग ते म्हणाले, "काय म्हणाल्या गं डॉक्टरीणबाई?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिथे काहीच कळेना. विसरले म्हणून विचारत होते, की माझ्या तोंडून पुन्हा ऐकायचं होतं, की माझीच परीक्षा घेत होते? तीस वर्षं वर्गासमोर उभं राहिलेल्या माणसाचा चेहरा, तो काही दाखवत नाही.

मी विचारलं नाही. बाटली बाजूला ठेवली आणि चौथ्या मजल्यावर गेल्यापासून सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. आठ वजा करायचा प्रसंग आला तेव्हा म्हणाले, "ती बाई लबाड आहे." आणि अडुसष्ट, साठ, बावन्न असं खालपर्यंत म्हणून दाखवलं.